चार वाजता एक ठिपका

हार्टलपूलच्या बंदरामागे, दातांच्या दवाखान्याच्या माडीवर
ग्वेंडलिन थ्रेलफॉल डोळे रंगवते.
काचेचे नव्हेत. काच गेली युद्धाबरोबर,
आता ॲक्रिलिक;
तरी गावाच्या तोंडी काचेचा डोळाच.

फॉर्मवर छापलंय आर्टिफिशियल.
ती सांगते, हा शब्द एकेकाळी शाबासकीचा होता:
हातात कला असलेल्याने केलेलं, एवढंच.
मग कधी त्याला रसायनाचा वास लागला,
कधी तो पुडिंगच्या पाकिटामागे
बारीक अक्षरांत तोंड लपवून बसला,
तिला ठाऊक नाही.
काउंटरफीटचंही तेच. आधी नुसती तसबीर,
पुढे पोलीस शोधू लागले.

फॉल्स मात्र तिला सोसत नाही.
साक्ष फॉल्स असते, गजर फॉल्स असतो,
पण पेल्यातल्या पाण्यात रात्रभर गप्प पडलेले दात
कुणाशी काय खोटं बोलले?
आपल्याकडे कवळी म्हणतात. त्या शब्दात आरोप नाही.

फो सोफ्याच्या दुकानातला,
पॅरिसहून आत्ताच आल्यासारखा कोपर टेकून बसतो.
आणि लाइफलाइक म्हटलं की
तिला मेलेलंच काही आठवतं:
म्युझियममधलं भुसा भरलेलं पाणमांजर,
शवपेटीतली मावशी, गालांवर गुलाबी पावडर.
जिवंत माणसाला कुणी लाइफलाइक म्हणत नाही.

मंगळवारी सिरिल ऑस्मदर्ली आला, बहिणीला घेऊन.
एकतीस वर्षं क्रेनवर;
तुटलेल्या तारदोराचा एक तंतू
डावा डोळा घेऊन गेला.
‘नॅचरल दिसेल ना?’
‘नॅचरल डोळेसुद्धा जोडीने सारखे नसतात,’ ती म्हणाली.
‘खिडकीकडे तोंड करून बसा.’

कोटाच्या बटणाएवढी चकती.
राखाडीवर निळा, निळ्यावर पुन्हा राखाडी,
काठाला ओहोटीनंतरच्या चिखलाचा रंग.
पांढरा नुसता पांढरा ठेवून चालत नाही:
त्यात पाइपचा पिवळा, अपुऱ्या झोपेचा पिवळा.
शिरांसाठी भरतकामाचं लाल रेशीम,
एकेक पदर उसवत
जवळजवळ उरतच नाही इतका बारीक,
मग श्वास धरून चिमट्याने ठेवायचा.

‘एक ठिपका होता,’ सिरिल म्हणाला. ‘तपकिरी.
घड्याळात चार वाजतात तिथे.
चहाचा थेंब उडालाय डोळ्यात, असं म्हणायचो आम्ही.
म्हणजे थेल्मा म्हणायची.’
फोटो?
नाही. फोटोंत तो नेहमी समुद्राकडे बघणारा.
थेल्माला जाऊन अकरा वर्षं.
ग्वेंडलिनने ब्रशचं टोक जिभेला लावलं
(आई होती तोवर ओरडायची)
आणि चार वाजवले.

बहीण, म्युरिएल, चष्मा पुसून पुसून बघत राहिली.
‘सिरिल,
तो ठिपका तुझ्या डोळ्यात कधीच नव्हता.
थेल्माच्या होता.
चहाचा थेंब तू म्हणायचास. तिला.’

खाली कुणाच्या तरी दाढेत ड्रिल चालू होतं.
ग्वेंडलिनच्या डोक्यात शब्द जागे होऊन बसले,
मॉक, शॅम, बोगस, सगळी बिरादरी;
पण उठून पुढे कुणी आलं नाही.
‘वरचा थर चढायचाय,’ ती म्हणाली,
‘पुसता येईल अजून.’

सिरिलने चकती तळहातावर घेतली,
उरलेल्या डोळ्याजवळ नेली.
बराच वेळ बघत होता,
जवळून, थोडी मान कलती करून,
पूर्वी कुणाकडे तरी बघत असेल तसा.
‘राहू दे.’

शेवटचा रकाना:
मूळ डोळ्याशी जुळतो का? होय / नाही.
तिचं पेन जरा थांबलं,
मग होयवर खूण.
कुणाच्या मूळ डोळ्याशी,
ते फॉर्मने विचारलं नव्हतं.